यंत्र बदलले, सही कोणाची?

(एका नागरी सहकारी बँकेच्या संचालक व सेवकवर्गासाठी भरलेल्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचे हे शब्दांकन.)



संगणकावर बोलण्यासाठी आपले निमंत्रण आले, तेव्हा मला संकोच वाटला. मी कला शाखेचा पदवीधर. मराठी वाङ्मय शिकलो आणि पत्रकारितेत आलो. संगणकाच्या पोटात काय असते, हे सांगण्याचा माझा अधिकार नाही. ते काम आपल्याकडील तज्ज्ञ उत्तम करतील. परंतु संगणक एखाद्या संस्थेत शिरतो तेव्हा त्या संस्थेत काय घडते, अधिकार कोठून कोठे सरकतो आणि जबाबदारीचे काय होते, हे मी तीस-पस्तीस वर्षे जवळून पाहिले आहे. आज तेवढेच बोलणार आहे.

माझी पहिली नोकरी एका जिल्हा दैनिकात. १९९० च्या दशकाचा तो आरंभ होता. लाकडी केसमधून शिशाचे खिळे उचलून मजकूर जुळविणारे कंपोझिटर आमच्याकडे अजून होते. त्याच सुमारास कार्यालयात दोन संगणक आले. त्यांच्यासाठी काचेची वातानुकूलित खोली बांधली गेली. आत जाताना चपला बाहेर काढाव्या लागत. संपादकांनाही ऑपरेटरला विचारूनच आत पाऊल ठेवावे लागे. दहा वर्षांत ती खोली मोडली. प्रत्येक टेबलावर संगणक आला. उपसंपादक स्वतःच मजकूर टंकू लागला, स्वतःच पान लावू लागला. मुद्रितशोधक नावाचा जो स्वतंत्र माणूस होता, तो निवृत्त झाल्यावर त्याची जागा भरलीच गेली नाही. हे सारे आम्हाला प्रगतीचे वाटले आणि ती प्रगती होतीच.

काही वर्षांपूर्वी एक गृहस्थ कार्यालयात आले. १९९८ साली आमच्या अंकात त्यांच्या वडिलांवर मृत्युलेख आला होता. आई आता थकली आहे, तिला तो एकदा वाचून दाखवायचा आहे, म्हणाले. संगणक आल्यावर अंकांची बांधणी करून ठेवणे आम्ही बंद केले होते. सीडी सापडली. फाइल उघडली, तर पडद्यावर निरर्थक चिन्हांच्या ओळी. ज्या फॉन्टमध्ये तो मजकूर टंकला होता, तो फॉन्ट केव्हाच वापरातून गेला होता आणि जुना मजकूर युनिकोडमध्ये आणून ठेवावा, हे कोणाला सुचलेच नव्हते. एका जाणकाराने खटपट करून अर्धामुर्धा मजकूर काढून दिला. त्या गृहस्थांना तेवढाच कागद घेऊन परत जावे लागले. आमच्या कपाटात १९६५ सालचे बांधीव अंक आजही वाचता येतात. १९९८ चे मात्र येत नाहीत.

दोष कोणाचा, असा मी पुष्कळ विचार केला. खिळ्यांच्या काळात अंक जपणे ग्रंथपालाचे काम होते. काचेच्या खोलीच्या काळात फाइली जपणे ऑपरेटरचे काम होते. संगणक प्रत्येकाच्या टेबलावर आला, तेव्हा ते काम कोणाचेच राहिले नाही. गणनाची शक्ती सर्वांना वाटली गेली, परंतु तिच्यासोबतची जबाबदारी कोणाच्या नावावर लिहिली गेली नाही. माझ्या आजच्या विवेचनाचे सूत्र हेच आहे.

कमअस्सल यंत्र का जिंकते?

अमेरिकेतील हार्वर्ड बिझनेस स्कूलचे प्राध्यापक क्लेटन ख्रिस्टेन्सन यांनी १९९७ साली ‘द इनोव्हेटर्स डायलेमा’ हे पुस्तक लिहिले. घडी विस्कटणारे तंत्रज्ञान ही संकल्पना त्यांनी रूढ केली. त्यांचे म्हणणे असे की, अशा तंत्रज्ञानाचा प्रथम दर्शनी प्रभाव पडत नाही. प्रस्थापितांच्या मापाने ते कमअस्सलच असते. परंतु ते स्वस्त असते, सोपे असते, आणि ज्यांना मोठे यंत्र परवडत नाही त्यांच्या हाती ते प्रथम जाते. मग ते वर्षागणिक सुधारत जाते आणि एके दिवशी मोठ्या यंत्राचे कामही करू लागते. तोवर प्रस्थापितांना उशीर झालेला असतो.

डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या कंपनीचा इतिहास या दृष्टीने बोलका आहे. १९६५ साली तिने पीडीपी-८ हा लघुसंगणक सुमारे १८ हजार डॉलरला बाजारात आणला. तेव्हाच्या महासंगणकांच्या तुलनेत ही किंमत किरकोळ होती. जी विद्यापीठे आणि प्रयोगशाळा मोठे यंत्र घेऊ शकत नव्हत्या, त्यांनी तो घेतला. पुढे याच कंपनीला वैयक्तिक संगणकाचे मर्म वेळेवर उमगले नाही आणि १९९८ साली कॉम्पॅक या वैयक्तिक संगणक बनविणाऱ्या कंपनीने तिला विकत घेतले. जिने दुसऱ्याची घडी विस्कटली, तिचीच घडी तिसऱ्याने विस्कटली.

हे बाजारातील जय-पराजय झाले. आपल्याला अधिक महत्त्वाचे आहे ते संस्थेच्या आत काय झाले ते. १९७९ साली डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँक्स्टन यांनी व्हिसिकॅल्क हा तक्त्यांचा प्रोग्राम ॲपल-२ या छोट्या संगणकासाठी तयार केला. त्याआधी कंपनीच्या हिशेबनीसाला एखादा अंदाज काढायचा, तर संगणक विभागाकडे अर्ज करून दिवसेंदिवस वाट पाहावी लागे. आता तो स्वतःच्या टेबलावर एक आकडा बदलत होता आणि सारा तक्ता क्षणात बदलत होता. १९८१ साली आयबीएमचा वैयक्तिक संगणक आला आणि ही वाट राजमार्ग झाली. संगणक विभागाची मक्तेदारी कोणी ठराव करून मोडली नाही. ती मागच्या दाराने मोडली.

आपल्या बँकांतील वाट

आपल्या देशात बँकांची वाट थोडी निराळी होती. जुन्या शाखेचे चित्र येथील ज्येष्ठांच्या डोळ्यांसमोर असेल. जाडजूड लेजर, पितळी टोकन, शिल्लक जुळेपर्यंत रात्री उशिरापर्यंत जळणारे दिवे. त्या लेजरमध्ये एक शिस्त होती. एकाने नोंद करायची आणि दुसऱ्याने ती पडताळून तिच्यापुढे आपली लहान सही करायची. रुपया इकडचा तिकडे झाला, तर बोट कोठे ठेवायचे हे त्या सहीवरून कळे.

रिझर्व्ह बँकेचे तत्कालीन उपगव्हर्नर डॉ. सी. रंगराजन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९८४ साली बँकांच्या यांत्रिकीकरणाचा आराखडा दिला. शाखेत लेजर लिहिणारी यंत्रे, विभागीय कार्यालयात लघुसंगणक आणि मुख्यालयात मोठा संगणक, अशी ती रचना होती. कर्मचारी संघटनांना रोजगाराची चिंता होती. त्यामुळे १९८३ आणि १९९३ साली इंडियन बँक्स असोसिएशन व संघटना यांच्यात करार झाले आणि पाऊल बेताबेताने पुढे पडले. पुढे १९९८ साली केंद्रीय दक्षता आयुक्त एन. विठ्ठल यांनी सरकारी बँकांना बजावले की, १ जानेवारी २००१ पर्यंत ७० टक्के व्यवहार संगणकावर आले पाहिजेत. लक्षात घ्या, हा आग्रह भ्रष्टाचारावर देखरेख ठेवणाऱ्या कार्यालयाचा होता. हस्तलिखित वह्यांत गैरव्यवहार लपविणे सोपे जाते, ही त्यामागील दृष्टी होती.

या टप्प्यापर्यंत प्रत्येक शाखेचा संगणक म्हणजे एक बेट होते. खरी उलथापालथ झाली ती कोअर बँकिंगमुळे. स्टेट बँकेने हे काम २००३ साली हाती घेतले. आता खाते शाखेत राहिले नाही, ते केंद्रीय सर्व्हरवर गेले. ग्राहक शाखेचा न राहता बँकेचा झाला. दादरला खाते असलेला माणूस नागपुरात पैसे काढू लागला. शाखाधिकाऱ्याच्या हातातील कित्येक निर्णय केंद्राकडे गेले. दिवसाखेरीचे काम, व्याजाची आकारणी, शिल्लक जुळविणे हे सारे दूरच्या एका खोलीत होऊ लागले. म्हणजे पाहा, जगात इतरत्र गणन खोलीतून टेबलावर आले आणि आपल्या बँकांत ते टेबलावरून पुन्हा खोलीत गेले. मग भ्रमणध्वनी आला. २०१६ साली यूपीआय आले आणि बँकेचा काउंटर ग्राहकाच्या खिशात गेला. २०२५ च्या ऑगस्टमध्ये यूपीआयच्या एका महिन्यातील व्यवहारांनी २००० कोटींचा आकडा ओलांडला. भाजीवाल्या मावशीच्या टोपलीशेजारी तो चौकोनी ठिपक्यांचा कागद दिसतो, हे आपल्या देशाचे कर्तृत्व आहे आणि त्याचा अभिमान बाळगावा असेच ते आहे.

मात्र या प्रत्येक स्थलांतरात मघाच्या त्या लहान सहीचे काय झाले?

जेथे सही हरवली

पहिले उदाहरण इंग्लंडचे. २०२० साली करोनाच्या भर काळात, २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर या आठवड्यात तेथील १५,८४१ बाधितांची नोंद राष्ट्रीय आकडेवारीतून गळाली. कारण काय? प्रयोगशाळांकडून आलेली माहिती सार्वजनिक आरोग्य विभागात एक्सेलच्या जुन्या प्रकारच्या फाइलमध्ये भरली जात होती. त्या फाइलमध्ये सुमारे ६५ हजारच ओळी मावतात. त्यापुढच्या ओळी निमूटपणे कापल्या गेल्या. बाधितांना आपला अहवाल मिळाला होता, पण त्यांच्या संपर्कात आलेल्यांचा शोध घेण्यास उशीर झाला. एवढ्या प्रगत देशाची यंत्रणा एका टेबलावरच्या तक्त्यावर उभी होती आणि त्या तक्त्याची मर्यादा पाहणे हे नेमके कोणाचे काम, हे ठरलेले नव्हते. आपल्याही बँकेत असे तक्ते असतील. थकबाकीची यादी, मुदत ठेवींचे स्मरणपत्रक, कर्जप्रस्तावाचे गुणांकन. ज्याने ते केले तो बदलून गेला, की त्यातील सूत्र कोणालाच ठाऊक नसते.

दुसरे उदाहरण मुंबईतील. २०१८ च्या फेब्रुवारीत पंजाब नॅशनल बँकेने फोर्टमधील ब्रॅडी हाऊस शाखेतील घोटाळा उघड केला. आरंभी सांगितलेला आकडा सुमारे ११,४०० कोटी रुपयांचा होता. परदेशी बँकांना हमी देणारे संदेश स्विफ्ट या यंत्रणेवरून जात होते आणि त्यांची नोंद कोअर बँकिंगमध्ये होतच नव्हती, कारण त्या दोन यंत्रणा एकमेकींशी जोडलेल्या नव्हत्या. एका बाजूने बँक हजारो कोटींची हमी देत होती आणि दुसऱ्या बाजूला तिच्या स्वतःच्याच हिशेबात तिचा मागमूस नव्हता. त्यानंतर या दोन्ही यंत्रणा जोडण्यासाठी रिझर्व्ह बँकेने ३० एप्रिल २०१८ ही मुदत घालून दिली. संगणक दोन्हीकडे होते. दोहोंच्या मधल्या फटीवर मात्र कोणाची सही नव्हती.

तिसरे उदाहरण सहकार क्षेत्रातील आणि म्हणून आपल्या जिव्हाळ्याचे. १९०६ साली स्थापन झालेल्या पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर २०१८ च्या ११ व १३ ऑगस्टला हल्ला झाला आणि सुमारे ९४ कोटी रुपये गेले. एटीएममध्ये कार्ड घातले की ‘या खात्यात पैसे आहेत का’ हा प्रश्न एका मधल्या सर्व्हरमार्फत कोअर बँकिंगकडे जातो. चोरांनी या मधल्या दुव्याची बनावट प्रतिकृती उभी केली. प्रश्न बँकेपर्यंत पोहोचलाच नाही. ‘आहेत, द्या’ हे उत्तर त्या बनावट दुव्यानेच दिले. बनावट कार्डे वापरून २८ देशांतील एटीएममधून पैसे निघाले. कोअर बँकिंगची तिजोरी भक्कम होती, पण तिजोरीच्या वतीने बोलणारा मधला निरोप्या बदलला गेला होता. शंभर वर्षांची प्रतिष्ठा असलेल्या संस्थेवर हे संकट येऊ शकते, तर आपण निर्धास्त राहून कसे चालेल?

दुसऱ्याच्या छपराखाली

आता पुढच्या स्थलांतराकडे वळू. २००६ साली ॲमेझॉनने आपल्या संगणकांची साठवण व गणनशक्ती इतरांना भाड्याने द्यायला आरंभ केला. ज्याला आज क्लाउड म्हणतात, त्याचा व्यापार तेथून वाढला. वीज जशी प्रत्येक कारखान्याने स्वतः निर्माण करायची नाही, मीटर लावून घ्यायची, तसेच हे. लहान बँकेला याचा फार लाभ आहे. स्वतःचे डेटा सेंटर उभारण्याची आपली ऐपत नसते. म्हणून अनेक सहकारी बँका आज तंत्रसेवा पुरविणाऱ्या कंपनीच्या छपराखाली आपली यंत्रणा चालवितात. यात कमीपणा काहीच नाही. मात्र भाडेकरूने छपराची पाहणी करण्याचे टाळू नये.

२०२४ च्या जुलैअखेरीस सी-एज या तंत्रसेवा पुरविणाऱ्या कंपनीच्या यंत्रणेत खंडणीखोर विषाणूचा शिरकाव झाला. सावधगिरी म्हणून नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने तिला देयक यंत्रणेपासून तात्पुरते तोडले आणि देशभरातील सुमारे ३०० लहान बँकांच्या ग्राहकांचे व्यवहार थांबले. त्यात सहकारी व ग्रामीण बँका होत्या. त्या बँकांच्या स्वतःच्या कार्यालयात काहीच बिघडलेले नव्हते. त्याच महिन्यात, १९ जुलैला, क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अद्ययावतीकरणाने जगभरातील सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पडले. आपल्या विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास देण्यात आले. ज्या कर्मचाऱ्यांना कागद आणि पेन घेऊन काम करता आले, त्यांनी तो दिवस निभावून नेला.

आणखी एक प्रसंग अधिक गंभीर आहे. २०२५ च्या जुलैमध्ये युरोपीय संघाने वाडीनार येथील तेलशुद्धीकरण प्रकल्प चालविणाऱ्या नायरा एनर्जीवर निर्बंध लादले. त्यापाठोपाठ मायक्रोसॉफ्टने तिच्या सेवा रोखल्या. कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली आणि काही दिवसांत सेवा पूर्ववत झाल्या. भारताच्या भूमीवर, भारतीय कायद्यानुसार चालणाऱ्या कंपनीचे पत्रव्यवहार दूरदेशी घेतलेल्या निर्णयाने खोळंबू शकतात, हे त्या काही दिवसांत सर्वांनी पाहिले. स्वावलंबनाचा विचार येथे घोषणेपुरता राहत नाही, तो व्यवस्थापनाचा प्रश्न होतो. परक्याची सेवा घेऊच नये, असे माझे म्हणणे नाही. ती उद्या बंद झाली तर परवा काय, याचे उत्तर आज लिहून ठेवलेले असावे.

रिझर्व्ह बँकेने २०२३ च्या एप्रिलमध्ये तंत्रसेवा बाहेरून घेण्याबाबत जे निर्देश दिले, त्यांच्या मुळाशी हाच विचार होता. काम बाहेर देता येते, ग्राहकाप्रति असलेले दायित्व बाहेर देता येत नाही.

आपण काय करावे?

नवा पाहुणा तर दारात केव्हाच आला आहे. २०२२ च्या नोव्हेंबरअखेर चॅटजीपीटी आले आणि कृत्रिम बुद्धिमत्ता कोणाच्याही मोबाइलवर फुकट मिळू लागली. तिची वाटही व्हिसिकॅल्कचीच आहे. ती ठराव होऊन येणार नाही. एखादी तरुण सेविका कर्जप्रस्तावाचा गोषवारा तिच्याकडून करून घेईल, तेव्हा ती आलेलीच असेल. त्या गोषवाऱ्यासाठी सभासदाचे उत्पन्न, पत्ता आणि कर्जाचा इतिहास बाहेर गेला, हे कदाचित तिच्या ध्यानातही येणार नाही. तिला दोष देऊ नका. चांगले काम लवकर व्हावे, ही तिची इच्छा प्रामाणिक आहे. तिला कोणता मजकूर द्यावा आणि कोणता देऊ नये, हे संस्थेने सांगितले आहे का, हा प्रश्न आहे.

म्हणून चार गोष्टी सुचवितो. पहिली, एक साधी नोंदवही करा. बँकेत कोठे कोठे गणन होते, त्याची यादी तिच्यात असू द्या. कोअर बँकिंग असेल, एटीएमचा दुवा असेल, कोणाच्या टेबलावरचा तक्ता असेल, मोबाइलवरचे एखादे ॲप असेल. दुसरी, प्रत्येकापुढे एका व्यक्तीचे नाव लिहा. ‘संगणक विभाग’ असे लिहू नका, कारण विभागाला रात्री झोप लागते, नाव असलेल्या माणसाला लागत नाही. तिसरी, वर्षातून एक दिवस शाखा कागदावर चालवून पाहा आणि तंत्रसेवा पुरविणाऱ्याकडून आपली सारी माहिती वाचता येईल अशा स्वरूपात परत मागून पाहा. ती मिळते का, उघडते का, याची खात्री करा. माझ्या दैनिकाने हे एकदा जरी केले असते, तर त्या गृहस्थांच्या आईला तो लेख पूर्ण ऐकता आला असता. चौथी, एकट्याने झेपणार नाही ते एकत्र येऊन करा. नागरी सहकारी बँकांना तंत्रज्ञानाचे साहाय्य मिळावे म्हणून उभारलेल्या राष्ट्रीय शिखर संस्थेचे उद्घाटन २०२४ च्या मार्चमध्ये झाले आहे. सहकाराचा जन्मच अशा कामासाठी झाला.

संचालक मंडळींना एक विनंती. तंत्रज्ञानाचा विषय कार्यक्रमपत्रिकेत शेवटी, चहा आल्यावर घेऊ नका. आपल्या सभासदांत निवृत्त शिक्षक आहेत, छोटे दुकानदार आहेत, मुलीच्या लग्नासाठी ठेव ठेवलेले आईवडील आहेत. त्यांचा विश्वास सर्व्हरवर नाही, त्यांना सर्व्हर ठाऊकही नाही. त्यांचा विश्वास आपल्यावर आहे.

जुन्या लेजरचे युग परत येणार नाही आणि यावे असेही नाही. परंतु नोंदीपुढच्या त्या लहान सहीमागे जी वृत्ती होती, ती यंत्राबरोबर मोडीत काढण्याचे कारण नाही. उद्या सकाळी शाखेत जाल, तेव्हा आपल्या टेबलावरचे एक काम निवडा आणि स्वतःला विचारा : हे चुकले, तर उत्तर देणारा कोण? नाव सापडले तर उत्तम. नाही सापडले, तर त्या जागी प्रथम आपले नाव लिहा.